लक्ष्मीपाशी ठेवलेली कार्डं

मुलांनो, तुमच्या तिकडच्या दुकानातले स्टीलचे डबे कुठे बनतात, असं तुम्ही विचारलं होतं. काही आमच्या भाईंदर पूर्वेला बनतात. आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी, तुमच्या बाबांच्याच वयाचा, त्याचा तिथे कारखाना आहे. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची बाई तपासणीला येणार होती. तिला मराठी येत नाही, म्हणून तो मला घेऊन गेला. "काकू, तुमचं इंग्लिश कॉन्व्हेंटचं. जरा सांभाळून घ्या."

पॅकिंग करणाऱ्या एका बाईला पाहुणीने विचारलं, काही अडचण आहे का? ही परभणीकडची, चाळिशीची. दबकत म्हणाली, "लेक पहिलटकरीण आहे, दिवस भरलेत. मला गावी जायचंय. शेठ आधार कार्ड देत नाहीत. म्हणतात, आधी ऑर्डर जाऊ दे."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. शेजारी जराही वरमला नाही. उलट अभिमानाने आम्हाला ऑफिसातल्या देव्हाऱ्याशी घेऊन गेला. लक्ष्मीच्या तसबिरीमागे सगळ्यांच्या कार्डांचा गठ्ठा होता, रबरबँड लावलेला. नवा माणूस लागला की त्याचं कार्ड दिवाळीपर्यंत लक्ष्मीपाशी, मध्ये उचलायचं नाही. त्याच्या वडिलांच्या वेळी रेशन कार्डं असत. "सांगा ना काकू, बँकेच्या लॉकरपेक्षा सेफ!"

तेही मी सांगितलं. पाहुणीने विचारलं, "आणि ही आज निघाली तर?"

"आज? आज कसं जमेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, मी काय कुणाला कोंडून ठेवलंय?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

ती खाली बघत म्हणाली, "कार्डाबिगर कुठं जाऊ, शेठ? परत आल्यावर दुसरीकडं कामाला तरी कोण घेईल?"

मनाने वाईट नाही तो. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पाहुणी म्हणाली, ऑर्डर रद्द केली तर या बायकांचंच काम जाईल, म्हणून ऑर्डर राहील. पण कार्डं आत्ता, तिच्यासमोर परत द्यायची.

त्याने चपला काढल्या, लक्ष्मीला नमस्कार केला आणि गठ्ठा सोडला. बायका हात धुऊन आल्या, प्रसादाला यावं तशा.

परभणीची बाई दुपारीच निघाली. स्टेशनपर्यंत रिक्षा त्यानेच करून दिली. तिने कार्ड पोलक्यात खोचलं होतं आणि वरून पदर घट्ट धरला होता.