साऱ्या कुळाची भरपाई

डब्लिन नावाच्या आमच्या उपनगरातल्या लायब्ररीत भेटणारे काका दर वाक्याआधी "थांब, सांगतो" म्हणत चष्मा पुसतात. त्यांच्या भाच्याच्या गाडीखाली एक सायकलवाला मेला. मृताच्या आईनं इन्शुरन्सचा चेक परत पाठवला.

"बरोबर केलं! माणसाला रेट लावतात का?" मी म्हणाले.

"थांब, सांगतो. जुन्या जर्मन टोळ्यांत मारणाऱ्याचं अख्खं कुळ भरपाई द्यायचं. चुलत, मावस, सगळे."

"शी, काका! रानटीपणा आहे हा!"

तरी त्यांनी पार दुसऱ्या राज्यातल्या अल्फारेटापर्यंतचे नातेवाईक गोळा केले. प्रत्येकाचा चेक वेगळा. मी निषेध करायला त्यांच्यासोबत मृताच्या घरी गेले. त्या आईनं चेकवरचं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, त्या त्या माणसाकडे पाहिलं आणि चेक ठेवून घेतले.

मग मला विचारलं, "तू यांची कोण?"