हातात घ्या, भाऊसाहेब

सखारामदादांची आणि माझी ओळख माझ्याच एका पत्रकावरून झाली. चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहानंतरचे ते दिवस. मी वीस वर्षांचा, पत्रकं वाचून वाढलेला, आणि आता स्वतः लिहू लागलेला. महाडजवळच्या आमच्या महारवाड्यात मी ते पत्रक एका दमात वाचून दाखवलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "झ्याक लिवलंयस रे. पण मधी कुठं उभं रहायला जागा ठेव. घाटाला पण वळण लागतं." सगळे हसले. मी चिडलो. तेच दादा.

पलटणीत त्यांनी रस्ते बांधले होते. दगड फोडण्याआधी ते त्यावरून हात फिरवत. कुणी नुसतेच घाव घालू लागला की म्हणत, "शीर बघ रे आधी. जोर काय, रेड्याला पण असतो." माझ्याकडे बघूनही हे वाक्य त्यांनी कितीदा तरी उच्चारलं. दादा गेल्याला आता वर्ष झालं, आणि आंबेनळीच्या रस्त्यावर त्यांच्या हातचे बांध अजून उभे आहेत. पण त्या रस्त्यावर मुकादम म्हणून त्यांना उभं राहता आलं, ते सहजासहजी नव्हे.

नेमणुकीचा हुकूम आला, तो अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत पोलादपूरच्या कचेरीत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असा. मीही बरोबर गेलो. खिशात पत्रकं होतीच.

कारकुनानं हुकूम आणि आम्हाला लांबूनच ओळखलं. "तुमच्यातल्याला ही जागा देता येते, याला आधार?"

दादांनी पलटणीच्या पत्र्याच्या नळीतून ठरावाची शिक्क्याची नक्कल काढली. सरकारी कचेऱ्या, शाळा, पाणवठे सर्वांना खुले आहेत, असा तो सरकारचा ठराव. तो पुढे धरला.

"उंबऱ्यावर ठेव. पाणी शिंपडून घेतो मी."

आमच्या हातची वस्तू अशीच घ्यायची रीत होती. आम्ही खाली ठेवायची, मागे सरायचं, मग त्यांनी उचलायची.

"खाली नाय ठेवता येत, भाऊसाहेब," दादा म्हणाले. "कचेरी सगळ्यांना खुली हाय असं ह्यात लिवलंय. खाली ठेवला तर मीच तो खोटा केला असं होईल. हातात घ्या."

"मग रहा उभा."

दादा उभे राहिले, हात पुढे करून. मी पत्रक काढून गरजायला लागलो, तर म्हणाले, "तुझं भाषण तळ्यावर कर रे. इथं मला हजर व्हायचंय."

दुपार झाली. दादा हात बदलत, कागद तसाच. कापडे गावचा एक म्हातारा कुणबी सातबाऱ्यासाठी ताटकळत बसला होता. तो शेवटी म्हणाला, "घ्या ओ भाऊसाहेब! माणसाला मूळ फुटंल आता. मला पण घरी जायाचं हाय, गुरं सोडल्येत मी."

"तुला काय जातंय बोलायला!" कारकून खेकसला. मग दाराशी येऊन हळूच दादांना म्हणाला, "अरे, समजून घे. गावात कळलं तर आमच्या पंगतीला कोण बसेल? तीन मुली उजवायच्या आहेत मला."

"मला दोन हायत," दादा म्हणाले. "त्यांना शाळंत घालायचंय. तुमचं समजतं मला, भाऊसाहेब. पण ह्यापेक्षा खाली हात माझा जात नाय."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. कारकून आत गेला, बसला, उठला. शिपाई खिडक्या लावू लागला. दादांनी आता एका हातानं दुसरा हात धरला होता. मी मनात म्हणत होतो, फेका तो कागद त्याच्या तोंडावर, आणि चला.

कारकून पुन्हा आला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि कागद घेतला. हातातून हातात. बोटांना बोटं लागली. उभ्यानंच वाचला, आणि हजेरीची वही पुढे ओढून म्हणाला, "सखाराम, सही करता येते ना?"

दादांनी सही केली. दिवसभर हात पुढे धरून ठेवल्यामुळे ती वाकडी आली.

बाहेर पडताना आत तांब्या खणखणल्याचं मला ऐकू आलं. तो हात धुतोय का, हे मला बघायचं होतं. उद्याच्या पत्रकात लिहायचं होतं. मी वळू लागलो, तर दादांनी माझा खांदा धरला.

"नको बघू रे. घेतला ना त्यानं? त्याला पण आज लय चढ लागला."

मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं मी पुढे कित्येक सभांतून बोललो. दादा समोर बसलेले असत, नाही म्हणून मान हलवत, आणि एकदाही माझ्याशी सहमत झाले नाहीत.