आकडा वाढला की तो घाबरायचा

सकाळी रेवाचा फोन आला की मी हातातलं काम तिथंच टाकते. माझी मुलगी नागपूरला शिकते, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि ती काही सकाळी उठून आईला फोन करणाऱ्यांतली नाही. सकाळचा फोन म्हणजे ताप, नाहीतर छातीत कळ, नाहीतर कुठल्या तरी दवाखान्याचं नाव. हे तिलाही ठाऊक असल्यामुळे त्या दिवशी तिचं पहिलं वाक्य होतं, "आई, मी बरी आहे." मी मोहाडीतल्या आमच्या लुगड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून उभी होते. "मग रडून काहून राहिली?" मी विचारलं. ती थांबली... आणि म्हणाली, "मामाजी गेले." खरं सांगते, तिच्या त्या थांबण्यात माझ्या जिवात जीव आला होता. मामाजीला, म्हणजे आमच्या विनूला, हे सांगता आलं असतं, तर तो म्हणाला असता, "बरोबर आहे बाई, पहिले पोरगी." सकाळी प्रयोगशाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं होतं. टेबलावरचा चहा अजून गरम होता, असं त्याच्या सोबतचे लोक सांगतात.

विनायक माझा धाकटा भाऊ. बाहेर तो डॉक्टर विनायक होता, रक्तातल्या रेणूंचा अभ्यासक; घरात शेवटपर्यंत विनूच राहिला. आमच्या घरी हातमाग. बाबांच्या मागाशेजारी बसून तो पुस्तकं वाचायचा, आणि बाबा म्हणायचे, "हा पोट्टा मागाचा धोटा नाही चालवत, डोळे चालवते." मग नागपूर, मग परदेश, मग पुन्हा नागपूर. रेवा दीड-दोन वर्षांची असताना तिचे हातपाय सुजले. कुणी म्हणालं दात येऊन राहिले, कुणी म्हणालं नजर लागली. विनू आला, तिचं रक्त घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा अंगणातच उभा राहिला. आत येईना. "बाई, अर्धं तुझ्याकडून आलं, अर्धं भाऊजींकडून," एवढंच बोलला. त्या दिवसापासून भीती आमच्या घरी राहायला आली, ती काही गेली नाही. थंडी पडली की भीती, पोरीनं पाणी कमी प्यायलं की भीती, लाल डोळे, पिवळे डोळे, सगळ्याची भीती. विनूनं तेव्हा आपलं चालू काम बाजूला ठेवलं आणि सिकल हाती घेतलं. "तुझ्या पोरीसाठी नाही हं," मला म्हणाला, "विषयच चांगला आहे." खोटारडा!

त्याच्या तोंडी नेहमी एका नियतकालिकाचं नाव असायचं. रेण्वीय वैद्यक हा त्या नियतकालिकाचा विषय. म्हणजे पेशीतल्या एवढ्याशा रेणूत काय बिघडलं, आणि त्यामुळे खाटेवरच्या माणसाला काय झालं, ही दोन टोकं जोडणारंच संशोधन ते छापायचं. नुसता रेणू दाखवला तर परत, नुसता रोगी दाखवला तरी परत. तिथं लेख छापून येणं म्हणजे आमच्याकडे पोरगी चांगल्या घरी पडण्यासारखं! पण त्यांचा सगळा ओढा कर्करोगाकडे. सिकलवरचे लेख ते क्वचितच घेत. "काहून?" मी विचारलं. तर म्हणाला, "सिकलवर लिहिणारे कमी, म्हणून त्या लेखांचे दाखले देणारेही कमी. आणि नियतकालिकाची पत ठरते दाखल्यांवर." मला कळेना. मग त्यानं दुकानातच समजावलं. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचं नाव यंदा दुसऱ्यांनी किती वेळा घेतलं, त्याची सरासरी काढतात. तो आकडा दरसाल जाहीर होतो, आणि तो यायच्या आधी संपादक मंडळी देव पाण्यात घालून बसतात. मी लुगडी घडी करत होते. म्हटलं, "काय रे विनू, नाव घेतात की नाव ठेवतात, हे कोण मोजते?" तो इतका हसला की दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं. "कोणीच नाही मोजत, बाई! नाव ठेवलं तरी एक, नाव घेतलं तरी एक."

पुढे त्याचाच लेख तिथं छापून आला. आंबागडाच्या पायथ्याच्या गावांमधून फिरून त्यानं सिकलच्या रोग्यांचं रक्त गोळा केलं होतं, आणि त्यांना घरोघरी प्रश्नही विचारले होते. त्यातल्या पुष्कळांत एका जनुकातला एक लहानसा बदल सापडला, आणि ज्यांच्यात तो बदल होता, त्यांना वेदनेचे झटके फार कमी येतात, असं त्याच्या तपासणीत दिसलं. तोच बदल रेवाच्याही रक्तात निघाला. तो कागद त्यानं माझ्या हातात दिला, तेव्हा मी दुकान बंद करून गायमुखला महादेवाच्या दर्शनाला जाऊन आले. कितीतरी वर्षांनी मी त्या हिवाळ्यात शांत झोपले. लेख गाजला. दाखले वाढत गेले. ज्यांनी सिकलला दार उघडलं नव्हतं, त्यांनी विनूला संपादक मंडळात घेतलं आणि सिकलसाठी वेगळा विभागच सुरू केला. तो फोन करून सांगायचा, "बाई, आज एक वाढला!" मी म्हणायची, "वाढू दे, तुझं पोटही वाढून राहिलं."

मग दोन वर्षांपूर्वीची ती थंडी. रेवा सुट्टीत घरी आली होती आणि अंगणात उन्हात, दुलई लपेटून बसली होती. विनू आला, तिची पापणी खाली ओढून पाहिली, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि सहज विचारलं, "यंदा दुखणं किती वेळा आलं, बेटा?" रेवा म्हणाली, "एकदाही नाही." विनू खूश झाला. पण ती बोलता बोलता दोन्ही हातांनी नडगी दाबत होती. "मग पाय काहून दाबून राहिली?" "ते हाडं फुटून राहिले ना, मामाजी, आतून ठणकून राहिले. ते तर रोजचंच. दुखणं म्हणजे भरती व्हावं लागते ते." विनूचा चेहरा मी पाहिला. माझ्याकडे वळून त्यानं अगदी हळू विचारलं, "बाई, आपल्याकडे दुखणं कशाले म्हणते?" मी म्हटलं, "खाटेवर पडला, दवाखान्यात नेला, तर दुखणं. बाकी काय, ते अंगाचं रडगाणं." तो खुर्चीत बसला. चहा दिला तो तसाच थंड झाला.

झालं होतं असं. गावोगाव विचारायच्या प्रश्नांत आधी 'वेदना' असा शब्द होता. तो आपल्या लोकांना कळणार नाही म्हणून, मोठ्या अभिमानानं, विनूनंच तो खोडून 'दुखणं' लिहिलं होतं. घरचा शब्द! आणि घरच्याच लोकांनी घरच्या अर्थानं उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात तो मला सोबत घेऊन आंबागडाकडे गेला. धानाच्या शेतात, एका बांधीच्या धुऱ्यावर, त्याच्या पहिल्या तपासणीतली एक बाई भेटली. हाताचे सांधे सुजलेले. विनूनं आधी जुनाच प्रश्न विचारला. ती हसून म्हणाली, "नाही जी, देवाच्या दयेनं दुखनं नाही." मग त्यानं विचारलं, "आन् हाडं फुटतेत का?" "ते तर फुटतेतच ना जी! रोवणीत पान्यात उभी राहिली का उठताच येत नाही. पन त्याले कोन दुखनं म्हनते?" घरोघर तेच. आणि ज्यांच्याशी या लोकांची तुलना केली होती, ते शहरातल्या दवाखान्यात भरती झालेले रोगी. ते कण्हतच होते, त्यांना काय विचारायचं! म्हणजे तो बदल त्या गावांच्या रक्तात होता एवढंच खरं. आजार सौम्य नव्हता. लोकांचं बोलणं सौम्य होतं.

परत येताना त्यानं गाडी भंडाऱ्याकडे घेतली, कारध्याच्या पुलाअलीकडे थांबवली आणि काच खाली केली. वैनगंगा खाली संथ. मी त्याच्याकडे पाहत होते. लहानपणी पडवीत साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारा हा माणूस, गाडी थांबली तरी स्टिअरिंग सोडत नव्हता. "बाई, लेख मागे घ्यावा लागेल," तो म्हणाला. "मग घे ना!" "तेवढं सोपं नाही. त्याच लेखाच्या जोरावर त्यांनी सिकलचा विभाग काढला. तो लेख गेला की आकडा पडेल. आकडा पडला की विभाग बंद. पुढे वीस पोरं सिकलवर काम करून राहिली, त्यांचे लेख कोण घेईल?" मी म्हटलं, "आणि नाही घेतला तर?" त्यानं काच वर केली. मग म्हणाला, "नाही घेतला तर कुठला तरी डॉक्टर कुठल्या तरी रेवाले सांगेल, तुझा आजार सौम्य आहे, गोळी कमी कर." "गाडी घराकडे वळव," मी म्हटलं. कारण आमच्या रेवाची रोजची गोळी त्याच लेखाच्या आधारानं कमी झाली होती. घरी पोचल्यावर त्यानं आधी गोळी पूर्ववत केली, मग चपला काढल्या.

त्यानं नियतकालिकाला कळवलं. त्यांचं उत्तर गोड होतं. घाई नको, समिती नेमू, आणखी पुरावा पाहू. कुणी लबाड होतं असं तो कधी म्हणाला नाही. तेही घाबरलेलेच होते, म्हणायचा. पण लेखाच्या दाखल्यांचा आकडा थांबेना. आता त्याचा फोन यायचा तो वेगळ्याच आवाजात, "बाई... आज एक वाढला." एकेक दाखला म्हणजे कुठंतरी कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. जेवताना मध्येच उठून आकडा पाहायचा. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणात नाव घेण्याची पाळी आली, सगळ्या बाया हसून राहिल्या, "घ्या, नाव घ्या!" आणि हा भरल्या ताटावरून उठून गेला. मी मागे गेले तर मोरीजवळ उभा. "काय झालं रे?" "काही नाही. मोजून राहिलो होतो," म्हणाला. मी रागावले त्याच्यावर. म्हटलं, जीव देशील एखाद दिवशी या आकड्यापायी. असं बोलू नये माणसानं, पण मी बोलले, आणि तो "हो" म्हणाला.

समितीसमोर त्यानं आंबागडाकडची नवी उत्तरं ठेवली, विभाग बंद झाला तरी चालेल असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, आणि वाट पाहत राहिला. वाट पाहता पाहताच गेला. तेरवीला घर भरलेलं असताना रेवानं मोबाइलवर वाचून सांगितलं, लेख मागे घेतला आहे, लेखकाच्या स्वतःच्या विनंतीवरून. आमचे एक काका तापले. "गेल्या माणसाची इज्जत काढली यांनी! कोर्टात खेचा." मी म्हटलं, "काका, त्यानंच मागितलं होतं जी." त्यांना पटलं नाही. सिकलचा विभाग चालू राहणार की नाही, हे अजून कुणी सांगत नाही. मला वाटलं होतं, आता निदान एक भीती तरी सरणावर गेली.

गेल्या आठवड्यात रेवाला इथंच त्रास सुरू झाला. पाठ, मांड्या, छाती. बोलता येईना. नागपूर लांब, म्हणून भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, कळकळीचा होता, तेही सांगते. त्यानं तिची जुनी फाईल चाळली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, यांच्यात तो बदल आहे! घाबरू नका मावशी, हा सौम्य प्रकार असतो. यावर फार चांगला लेख आहे. खूप दाखले आहेत त्याचे. एक इंजेक्शन देतो, घरी न्या." रेवा खाटेवर ओठ चावून पडली होती, आणि माझ्या भावाच्या नावावर तिला घरी पाठवून राहिले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, तो लेख माझ्या भावानं लिहिला." तो उठूनच उभा राहिला. "काय सांगता! सरांची बहीण तुम्ही?" "हो. आणि तो लेख चुकीचा आहे. तिला भरती करा. सलाईन लावा." नर्स पाहून राहिली, बाजूच्या खाटेवरचे लोक पाहून राहिले. चारचौघांत भावाला असं नाव ठेवत होते, पण थांबले नाही. त्याचा 'दुखणं' हा शब्द, त्या बायांची उत्तरं, समिती, सगळं सांगितलं.

त्या पोराचं भलं होवो, त्यानं वाद घातला नाही. आधी सलाईन लावली, ऑक्सिजन लावला. रेवाची धाप थोडी कमी झाली. मग तो माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "मावशी, याच लेखावरून मी आणखी काही पेशंटना घरी पाठवलं आहे. मला सरांशी बोलायचं आहे. आत्ता फोन लावून देता का?" मी पर्स उघडली. मोबाइल काढला, 'विनू' शोधला, बोट वर धरलं... रेवानं खाटेवरून माझा पदर ओढला, तेव्हा मी भानावर आले. "तो आता फोन नाही उचलत, बाबू," मी म्हटलं. "तुम्ही आधी त्या पेशंटना लावा."