दोंडाईच्याच्या दारात अडवलेला कोंबडा

अन्याय झाला तो आमच्या अक्कांवर. चोपड्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या भिंतीला भिंत लागून त्या राहतात आणि कोंबड्या पाळतात. कधी झाला, तेही सांगते. यंदा जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वादहा वाजता, दोंडाईच्याच्या पशुपक्षी प्रदर्शनाच्या दारात.

पहिली एसटी धरून, शिरपूरला गाडी बदलून आम्ही दोघी पोचलो होतो. अक्कांच्या मांडीवर बांबूची पाटी, तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, आत त्यांचा तांबडा कोंबडा. दोन वर्षं त्याला त्यांनी हातावर ज्वारी चारली होती. आमच्याकडे कोंबडा एकटा प्रवासाला नेत नाहीत. घाबरतो, खात नाही, तुरा उतरतो. म्हणून पाटीत सोबतीला एक करडी कोंबडी होती. ती काही स्पर्धेत नव्हती.

दारावरच्या माणसाने कोंबड्याकडे पाहिलंच नाही. हात पुढे केला. "रक्त तपासणीचा दाखला?"

"कसाना दाखला, भाऊ?"

"रोग नसल्याचा. नोटीस महिनाभर दवाखान्याच्या बोर्डावर होती."

बोर्ड तालुक्याला. कोंबड्या खेड्यात. अक्कांना वाचता येत नाही, आणि मला येतं पण गुरांच्या दवाखान्यात मी का जाईन? गावात कोणी येऊन सांगितलं? दवंडी दिली? एक फोन? काही नाही. सरळ "बाजूला व्हा."

मी बाजूला होणाऱ्यातली नाही. पिशवीत कापसाच्या भावासाठी काढलेल्या मोर्चाची उरलेली पत्रकं होती. दाराशेजारी मांडी घालून बसले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले: 'दाखल्याची जाचक अट रद्द करा.' सात-आठ लिहून झाली. वाटायलाही सुरुवात केली. लोक वाचत होते, माना डोलवत होते, आत जात होते.

एक पत्रक आतल्या जनावरांच्या डॉक्टरांपर्यंत गेलं. ते हातात घेऊनच बाहेर आले. रागावतील असं वाटलं. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. अट कशाची आहे ते पाहिलंय का कधी?"

"नाही."

"मग कागद ठेवा आणि पंख धरा."

लिंबाखाली टेबल होतं. त्यावर तळहाताएवढी पांढरी फरशी आणि जांभळ्या औषधाची बाटली. मी कोंबड्याचा पंख उलगडून धरला. एवढ्या कोंबड्यांमध्ये वाढले, पण पंखाची आतली बाजू मी तोवर पाहिली नव्हती. पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी कातडी आणि तिच्याखाली एक निळी शीर, धडधडणारी. डॉक्टरांनी सुई टोचली. रक्ताचा थेंब जांभळ्या थेंबात मिसळला आणि फरशी हळूहळू हलवली. जांभळा रंग तसाच राहिला, गुळगुळीत.

"हा स्वच्छ. आता तिला आणा."

"ती नुसती सोबतीला आहे," मी म्हणाले.

"आणा तर."

कोंबडीचा थेंबही आधी तसाच दिसला. मग त्यात कण दिसायला लागले. दूध नासताना फुटतं तसा तो थेंब आमच्या डोळ्यांदेखत फुटला. कोंबडी धडधाकट, डोळे लखलखीत, पाटीतली उरलेली ज्वारी टिपत होती. आणि तिच्या पोटात काय आहे ते दोन मिनिटांत त्या थेंबाने सांगून टाकलं. मी मोर्चे पाहिलेत, हजारोंच्या सभा पाहिल्यात. इतक्या थोडक्यात इतकं सांगणारं कोणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "हिला काही होत नाही. हिच्या अंड्यातून रोग पिलात उतरतो. पिलं पांढरं हगतात आणि मरतात."

अक्का खाली बसल्या. "गये साल मना बठ्ठा पिलं मरी ग्यात. मी म्हनू, थंडीनी." सगळीच्या सगळी पिलं थंडीने गेली, असं त्या वर्षभर समजत होत्या.

मला सुचलं ते मी बोलले. कोंबडा तर स्वच्छ निघाला, त्याचा दाखला द्या, आम्ही आत जातो. डॉक्टर घुटमळले. "कागदापुरता देता येईल. पण दोघं एका खुराड्यातले. आज नाही निघालं, महिन्याने निघू शकतं. तुम्हीच ठरवा, अक्का."

अक्कांनी आत पाहिलं. पिंजऱ्याला पिंजरा लागून होता. कोणाकोणाचे दोन-दोन वर्षांचे कष्ट तिथे उभे होते.

"नको," त्या म्हणाल्या. "दुसरानं घर कसाले बुडावानं?"

दोन वर्षं वाट पाहिलेली बाई एका शब्दात मागे फिरली. कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलं नाही. मग मला म्हणाल्या, "तू लिखस ना, माय? मंग बरोबर लिख."

मी माझी पत्रकं लोकांकडून परत मागून घेतली. लाज वाटली, तरी मागितली. अक्कांनी करडी कोंबडी स्वतःच्या हाताने डॉक्टरांकडे कायमची दिली. घरी अजून अकरा आहेत. त्यांतल्या किती तिच्यासारख्या, हे त्यांना ठाऊक नाही, मला नाही, आणि ते कळेपर्यंत अक्का एकही अंडं उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवणार नाहीत.

अट बरोबर आहे. हे लिहायला मला जड जातंय, पण आहे. अन्याय अटीत नाही. दोन मिनिटांची ती फरशी प्रदर्शनाच्या दारापर्यंत येते आणि अक्कांच्या अंगणापर्यंत येत नाही, अन्याय तो आहे. गेल्या वर्षी आली असती तर ती पिलं मेली नसती.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे, वाचून हळहळू नका. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि लेखी मागा: प्रदर्शनाच्या महिनाभर आधी गावातल्या प्रत्येक कोंबडीचं रक्त गावात येऊन तपासा. अर्जाची पोच घ्या. तारीख मिळाल्याशिवाय खाली बसू नका.