इंजिनाची खांदशेकणी

इंजिनाला जेवायचं आवतन देणारा माणूस आमच्या गोंडपिपरीकडच्या गावात एकच झाला, तो म्हणजे मुखरू. गावाने त्याला वेडा ठरवलं. तो थोडा होताही, पण ठरवणारे फार शहाणे होते असं काही मी म्हणणार नाही.

मुखरू हा भैयाजींचा गाडीवान. भैयाजी म्हणजे गावातल्या धानगिरणीचे मालक. मालकपणा त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की ते शिंकले तरी हुकूम सुटल्यासारखं वाटायचं. छप्पन साली त्यांच्या मनाने घेतलं, की गिरणीचं जुनं इंजिन थकलं, आता चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपुराहून, नवं दणकट आणायचं. त्यापायी त्यांनी बैलजोडी विकली. बैल कागदोपत्री भैयाजींचे, पण त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी आणि रुसवेफुगवे सगळे मुखरूनेच काढलेले. बैल गेले त्या दिवशी तो जेवला नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. "आता तू इंजिनवाला," भैयाजी म्हणाले, जशी काही बढतीच दिली.

इंजिन आलं. चांद्याच्या मिस्त्रीने बसवलं, बायांनी जागोजागी हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. सुरुवातीला गिरणी अशी सुटली की तांदळाखाली टोपली धरायला फुरसत मिळेना. मग पोळा आला आणि सणापुरती गिरणी बंद राहिली. सण संपल्यावर पाहतात तर इंजिन जोरात धडधडतंय, आणि धान भरडणारं हलर मात्र सासुरवाडीत मुक्काम ठोकलेल्या जावयासारखं रेंगाळतंय. "पायाच्या ढेकीनं कांडलं असतं तं आतापर्यंत भात शिजला असता," असं बायका भैयाजींच्या तोंडावर बोलू लागल्या.

मग गावाने दुरुस्ती हाती घेतली. भैयाजींनी इंजिनाचं तेल बदललं. कुणीतरी म्हणालं म्हणून टाकी धुतली. मांत्रिकाने कोंबडा मागितला, तोही दिला. कोंबडा त्याला पचला, हलरला काही फरक पडला नाही. मिस्त्री पुन्हा आला, इंजिनाला कान लावून बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "इंजिन एकदम ठीक हाय. तुमचं धान ओलं हाय." पावसाळ्यात धान सर्दच असतं आणि जुन्या इंजिनावर तेच धान झरझर निघत होतं. पण चांद्याहून आलेल्या माणसाला उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही.

शेवटी भैयाजींचं डोकं फिरलं. "बाजाराच्या दिवशी गिरणी नीट चालली तं ठीक," ते मुखरूला म्हणाले. "नाई तं इंजिन वापस, अन् तूबी घरी बस."

मुखरूचा चेहरा उतरला. बैलगाडी आधीच गेली होती, आता इंजिन गेलं तर त्याला गावात कामच उरणार नव्हतं.

बाजाराच्या दिवशी गिरणीपुढे पोत्यांची रांग लागली. हलर नेहमीप्रमाणे ढिम्म. "वाढव, अजून वाढव!" भैयाजी ओरडले. मुखरूने इंजिनाचा वेग वाढवला. इंजिनापासून हलरपर्यंत जाणारा पट्टा तापला आणि गिरणीभर खमंग वास सुटला. रांगेतल्या लोकांना उगाच भूक लागली. घर गिरणीला लागूनच. भैयाजींच्या पत्नी, अन्नपूर्णाबाई, पदर खोचत बाहेर आल्या.

"माहं तूप कोण जाळून राह्यलं?"

पोळ्याच्या तोंडावर त्यांचा तुपाचा गडवा रिकामा झाला होता आणि त्यापायी मांजरीने मार खाल्ला होता. भैयाजींनी इंजिन थांबवायला लावलं आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट पिवळं आणि तुपकट होऊन आलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. जू बसतं त्या जागी हळद-तूप चोळायचं आणि बैलांना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मुखरूने त्यातलं काहीएक सोडलं नव्हतं. इंजिनाला जू नसतं, म्हणून पट्टा बसतो ते चाक चोळलं आणि पट्टाही चोळला. त्या तुपावरून पट्टा घसरत होता. इंजिन आपलं एकटंच पळत होतं, हलरला त्याचा पत्ता नव्हता.

"काऊन केलं रे हे?" भैयाजी गरजले.

"पोळा होता, भाऊ."

"मंग?"

"बैल तं तुमी इकले. मी कोणाचे खांदे शेकू?"

रांगेत हसू फुटलं होतं ते तिथंच थांबलं. भैयाजींनी उगाचच बोट धोतराला पुसलं.

"एकडावच लावलं ना?"

"नाई. सुस्त झालं म्हून काल पुन्हा लावलं. म्हटलं, रुसलं असन."

अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आवतन देल्लं तं मंग जेवाले काय वाढलं त्याले?"

"पुरणपोळी," मुखरू मान खाली घालून म्हणाला. "त्यानं खाल्ली नाई, बाई. मंग मीच खाल्ली."

चुलीतली राख आणून पट्टा घासला, चाक घासलं, आणि हलर असं सुटलं की बाजार उठायच्या आत सगळी पोती मोकळी झाली. मुखरूला घरी बसवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. मांजरीची माफीही कुणी मागितली नाही.

पुढच्या पोळ्याआधी भैयाजी बैलबाजारातून एक जोडी घेऊन आले. गिरणीवाल्याला बैल कशाला, असं लोकांनी विचारलं. "इंजिन वाचवाले," भैयाजी खेकसले, आणि दोन्ही कासरे मुखरूच्या हातात देऊन घरात निघून गेले.

बैल नवे होते, अनोळखी होते. त्यांचे खांदे शेकताना मुखरू भडभडून रडला. तूप अन्नपूर्णाबाईंनी स्वतः आणून दिलं होतं.