नोलिचकीने नेलेला बैल

ओर्फा ब्रॉइल्सचा बाप दारू पिऊन आला की ज्या वादीने खेचरं झोडायचा, त्याच वादीने पोरींनाही झोडायचा. सोळाव्या वर्षी ओर्फाने ती वादी त्याच्या हातून हिसकली आणि भर अंगणात त्याला असा सडकला की कितीतरी रात्री तो पालथा झोपला. धाकटी झोरा मात्र बापाला बिलगून किंचाळली, "जन्मदात्याला मारतेस, सैतान!" बहिणींचं तेव्हाच फाटलं, ते म्हातारपणापर्यंत शिवलं गेलं नाही.

झोराचा ट्रेलर, म्हणजे तिचं चाकांवरचं घर, नोलिचकी नदीच्या काठी, सखल कुरणात उभा होता. शेजारीच डेव्ही क्रॉकेट या जुन्या काळच्या नामांकित शिकाऱ्याचं जपून ठेवलेलं जन्मस्थळ. तिथल्या ओंडक्यांच्या घरापुढच्या शेतात ओर्फा टिप आणि लेप या बैलांची जोडी हाकायची. जुन्या काळी जमीन कशी फोडत, ते पोरं बघायला यायची.

"डेव्हीने खरंच तीन वर्षांचा असताना अस्वल मारलं?" पोरं विचारत.

"तीन वर्षांचं पोर चड्डीत मुततं रे," ओर्फा म्हणायची. "अस्वल नंतर मारलं असेल."

मग ते वादळ आलं. डोंगरात पाऊस असा कोसळला की सकाळपासूनच नदी चहासारखी लाल झाली. दुपारी जन्मस्थळाची देखरेख करणारा तरुण रेंजर ओरडत आला, "मिस ओर्फा, वर चला! वरच्या अंगाचे पूल गेले म्हणतात!"

ओर्फाने बैलांना जू घातलं, जुवाला साखळी अडकवली, कुऱ्हाड घेतली, आणि चढावर निघाली. वळून पाहिलं तर कुरणात पाणी शिरलेलं, आणि झोराच्या ट्रेलरमध्ये दिवा जळत होता.

"मर तिकडे," ती पुटपुटली. आणि बैल वळवले.

"बाहेर ये, झोरा!"

खिडकीत झोराचं तोंड दिसलं. "बुडेन तर माझ्या घरात बुडेन. तुझे उपकार नकोत!"

"उपकार कुणाचा बाप करतोय? ये म्हणते ना!"

एवढ्यात ट्रेलर जागचा उचलला गेला. ओर्फाने कमरेभर पाण्यात घुसून साखळीचा आकडा त्याच्या दांड्यात अडकवला. दुसरं टोक जुवाला होतंच. "ओढ, टिप! लेप, ओढ!" बैलांनी चढाकडे तोंडं करून खूर रोवले. साखळी ताठ झाली, ट्रेलर थांबला.

नदीतून आख्खी झाडं येत होती. गॅसच्या टाक्या फुसफुसत गरगरत होत्या, एक मोटार चाकं वर करून गेली. झोरा खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी चिकटून बसली होती. ओर्फाने हात धरला, तिने झटकला. ओर्फाने तिच्या केसांना हिसडा देऊन तिला बाहेर खेचलं. मनगट चौकटीत अडकून कडकन मोडलं, झोरा गुरासारखी ओरडली. साखळी धरत धरत ओर्फाने तिला बैलांच्या पुढे, कोरड्यात नेऊन टाकलं.

तेवढ्यात कुणाच्या तरी कोठाराचं छप्पर येऊन ट्रेलरवर आदळलं. बैल मागे घसरले. नदीच्या बाजूचा टिप कोसळला, त्याचा मागचा पाय दगडांत सापडून वाकडा झाला. लेप गुडघ्यांवर आला. साखळीवर एवढा ताण होता की आकडा निघेना.

ओर्फाने कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने लेपच्या गळ्याखालच्या लाकडी कमानीची खीळ ठोकून पाडली. कमान सुटली तसा लेप धडपडत चढावर पळाला. टिपची खीळ मात्र पाण्याखाली गेली होती; तो जुवासकट मागे खेचला जात होता. पाणी त्याच्या नाकपुड्यांपर्यंत आलं. तो डोळे फाडून तिच्याकडेच बघत होता.

"झालं रे, झालं, माझ्या राजा," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर कुऱ्हाड घातली. एका घावात मेला नाही. दुसरा घालावा लागला. मग नदीने ट्रेलर, जू, बैल सगळं एकदमच नेलं.

वरून दोघी बघत राहिल्या. डेव्हीच्या घराच्या उंबऱ्यावर पाणी चढलं, मग खिडक्यांत, मग नुसतं छप्पर उरलं. सायकमोरचं एक झाड मुळांसकट येऊन भिंतीवर धडकलं, तेव्हा तोफ डागल्यासारखा आवाज झाला.

पूर उतरला तेव्हा घर तिरकं उभं होतं, आत छातीभर गाळ. शेताची माती खरवडून निघाली होती, खाली गोटेच गोटे. टिप खालच्या अंगाला विलोच्या झुडपांच्या जाळीत सापडला, फुगलेला, मानेवर जू तसंच. ओर्फाने स्वतः खड्डा खणला.

झोरा ओर्फाच्याच घरी राहिली, दुसरीकडे जाणार कुठे? एका संध्याकाळी ओर्फाने घेवडा आणि मक्याचा पाव पुढे ठेवला तर ती म्हणाली, "मीठ कमी आहे." ओर्फाच्या डोक्यात काय गेलं कळलं नाही. तिने झोराला गळ्याशी धरून भिंतीवर आपटलं. "मीठ? तुझ्या हट्टापायी माझा बैल मेला!"

झोरा हलली नाही. "मार. पुरतं मार. डॅडीही असाच सुरू व्हायचा."

ओर्फाने तिला सोडलं. ती बाहेर जाऊन लेपच्या अंगाला टेकून उभी राहिली. मागून झोरा आली. म्हणाली, "त्या दिवशी अंगणात तू त्याला मारलंस ना, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. तसं बरं वाटल्याचीच भीती वाटली म्हणून ओरडले."

"मग आजवर तोंडात काय धरलं होतंस?"

"तुझ्यासारखीच आहे की मी. अडेल."

ओर्फाने तिची माफी मागितली नाही, पण पुन्हा हातही उचलला नाही. थंडी पडल्यावर गावकरी डेव्हीच्या घरातला गाळ उपसायला जमले, तेव्हा ओर्फा फावडं घेऊन गेली. झोरा प्लॅस्टर घातलेला हात पोटाशी धरून दुसऱ्या हाताने बादल्या ओढत होती, आणि बहीण किती हळू उपसते म्हणून सगळ्यांदेखत तिला शिव्या देत होती.