टेबलफॅनची दिशा

आज दुपारी काम करताना लॅपटॉपमधून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला मकरपुऱ्यातलं आमचं एका खोलीचं घर आठवलं.

बडोद्याचा मे महिना. छताचा पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. घरातला नवा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा, म्हणून बाबांनी त्याच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून आमचा एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला होता.

एका दुपारी बाबा कारखान्यातून, भट्टीपुढचं काम संपवून आले. शर्ट पाठीला चिकटलेला, घामाला लोखंडाचा वास. पाणीही न पिता त्यांनी आधी डब्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"फॅन तुमच्याकडे वळवू का?" मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"राहू दे गं, दीकरा. माणसाला घाम तरी येतो. मशीननं काय करायचं?"

मला ते लगेच पटलं. किती लगेच पटलं, याचीच आता लाज वाटते. मी पुन्हा स्क्रीनवरचं चित्र रंगवू लागले आणि बाबा पलीकडे फरशीवर पाणी शिंपडून आडवे झाले. वारा त्यांच्या पायांपर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

आता आम्ही बडोद्यातच, वासण्याला राहतो. बाबांच्या खोलीत एसी आहे. लॅपटॉप मिटून मी आत गेले, तर बाबा भिजलेल्या बनियनमध्ये बसलेले. मी एसी लावला.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर नाही आणलास? मग एसी कशाला?"